बालदीभर बर्फ

गोव्यात बांबोळीच्या पठारावर जानेवारीतही दुपारचे ऊन चटके देते. २०१४ च्या त्या जानेवारीत अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानाच्या कडेला, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांपाशी माझी नेमणूक होती. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर स्वयंसेवकांना वाटलेली टोपी, वय बावीस. एक मुलगी लंगडत आली. सतरा-अठराची असेल. केसांच्या बारीक वेण्या मागे घट्ट बांधलेल्या, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. मला म्हणाली, "जेलू."

मला कळेना. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने मान हलवली, सुजलेल्या घोट्याकडे बोट दाखवले, मग दोन्ही हातांनी हवेत एक उभे, गोल भांडे काढून दाखवले आणि म्हणाली, "बाल्द. बाल्द."

बालदी!

मी धावले. स्वच्छतागृहामागे माळ्याची निळी बालदी पालथी पडली होती, तळाला लाल माती चिकटलेली. नळाखाली धरून खसाखसा धुतली, बाटल्यांच्या पेटीतला बर्फ ओंजळी-ओंजळीने भरला, वर पाणी ओतले आणि तिच्यापुढे ठेवली. तिने पाय आत घातला, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागली. साठ झाले की पाय बाहेर, थोडा दम, की पुन्हा आत. अंगठ्याच्या नखावरचा लाल रंग अर्धा उडाला होता. पाय आत-बाहेर होताना बर्फाचे खडे बालदीच्या कडेवर आपटत होते. असे पाच वेळा झाले. बोलायला आम्हा दोघींपाशी त्या एका शब्दाखेरीज काही नव्हते.

मी गोव्यातल्याच साखळी गावची. घरात आम्ही कोकणी बोलतो आणि लिहितो-वाचतो मराठीत. देवळातले भजन मराठी, आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, कपाटातली पुस्तके मराठी. बालदी, साबण, चावी, बटाटा, कोबी, पाव, पगार, इस्त्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे शाळेत पाठ केले होते. त्याच यादीत कंत्राट आहे, लिलाव आहे, पिस्तूल आणि काडतूसही आहे. परके राज्य कशाकशावर चालत होते ते त्या चार शब्दांत दिसते. पण यादी पाठ करणे वेगळे. त्या यादीतला एक शब्द कुणीतरी अडल्या वेळी माझ्याकडे मागितला, आणि तो मागणारी पोर्तुगालची नव्हती, मोझांबिकची होती, हे माझ्या बाबतीत त्या दिवशी पहिल्यांदा घडले.

ते खेळ होते लुझोफोनिया खेळ. ज्या देशांत पोर्तुगीज बोलतात किंवा जिथे एके काळी पोर्तुगीजांचे राज्य होते, त्यांचे. त्या देशांच्या ऑलिंपिक समित्यांनी २००४ साली एक संघटना केली आणि २००६ साली मकावला पहिले पर्व झाले, २००९ साली लिस्बनला दुसरे. तिसरे गोव्याला मिळाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हायचे ते पुढे ढकलून १८ ते २९ जानेवारी २०१४ असे झाले. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे, पूर्व तिमोर, मकाव. श्रीलंकाही, कारण सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथला किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आणि यजमान आम्ही. छातीवर नाव 'गोवा-भारत'.

स्वयंसेवक म्हणून नाव दिल्याचे मी घरी सांगितले तेव्हा आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला.

"ज्यांणी आमकां बंदखणींत घाले, तांच्या भाशेच्या नांवान खेळ?"

ज्यांनी आम्हाला तुरुंगात घातले, त्यांच्या भाषेच्या नावाने खेळ? एवढेच. मग पुन्हा अडकित्त्याचा आवाज.

आबा १९५५ च्या सत्याग्रहात होते. वय वीस. त्या वर्षी १५ ऑगस्टला भारतातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पत्रादेवीला आणि सीमेवर इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आबा त्याआधीच पकडले गेले होते. पत्रके सापडली म्हणून. आग्वादच्या तुरुंगात तीन वर्षे काढली. पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेला हा माणूस सुटून आल्यावर त्या भाषेतला एक शब्द बोलला नाही. आजी सांगायची, एकदा घरी आलेल्या कुणीतरी सवयीने 'ओब्रिगाद', म्हणजे धन्यवाद, म्हटले, तर आबा उठून मागीलदारी निघून गेले.

खेळांना विरोध करणारे आबा एकटे नव्हते. स्वातंत्र्यसैनिकांतून तसे सूर उठले होते, वर्तमानपत्रांत पत्रे येत होती. माझ्या वयाच्या मुलामुलींना ते जुन्या लोकांचे जुने दुखणे वाटायचे. मलाही वाटले. मी वाद घातला. "आबा, पुण्याला कॉमनवेल्थचे युवा खेळ झाले तेव्हा तुम्हीच मला मामाकडे पाठवलंत ना? ते इंग्रजांचेच की."

आबा म्हणाले, "तांणी नांव बदललें."

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. पुढे शोधले तेव्हा कळले की आबांचे म्हणणे किती नेमके होते. १९३० साली कॅनडात हॅमिल्टनला ते खेळ सुरू झाले तेव्हा त्यांचे नाव 'ब्रिटिश एम्पायर गेम्स' होते. १९५४ पासून नावात 'कॉमनवेल्थ' आले, पण 'एम्पायर'ही राहिले. १९७० साली 'एम्पायर' गेले, 'ब्रिटिश' राहिले. १९७८ साली 'ब्रिटिश'ही गेले. साम्राज्य नावातून उतरायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली, पण उतरले. 'लुझोफोनिया' या नावाचे तसे नाही. 'लुझो' म्हणजे लुसितानिया, रोमनांच्या काळातले त्या भूमीचे नाव. म्हणजे मोझांबिकच्या राजधानीतली, मापुतोची मुलगी आणि साखळीची मुलगी यांच्यात जे काही नाते आहे, त्याला हाक मारायची तर ती पोर्तुगालच्याच नावाने. त्यात गंमत म्हणजे — गंमत नव्हे, दुखरी गोष्ट म्हणजे — आमच्या गोव्याच्या संघातल्या किती जणांना पोर्तुगीजचे एक वाक्य बोलता येत होते? आम्ही त्या खेळांत होतो ते भाषेमुळे नव्हतोच. इतिहासामुळे होतो.

तो इतिहास मी नीट वाचला तो खेळ संपल्यावर, आणि वाचत गेले तसतशी थक्क होत गेले. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता. मकाव आणि तिमोर तर १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होते. म्हणजे ज्या मांडवीच्या काठाने माझी बस रोज जायची, तिथून हुकूम सुटायचे आणि ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणि पार तिमोरपर्यंत पोचायचे. या जुलमाची एक राजधानी आमच्याकडे होती. गोव्याच्या माणसाने हे स्वतःशी कबूल करायला हवे असे मला वाटते. आपण फक्त सोसणारे होतो असे म्हणून भागत नाही. गोव्याची माणसे कारकून, वैद्य, न्यायाधीश होऊन मोझांबिकला गेली. काहींनी तिथे मालकाच्या बाजूने काम केले, तर काही दुसऱ्या बाजूला उभे राहिले. आकिनु द ब्रागांसा मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. ते मोझांबिकच्या मुक्तिलढ्याचे इतके जवळचे झाले की स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे विमान १९ ऑक्टोबर १९८६ ला कोसळले, तेव्हा त्या विमानात तेही होते. एप्रिल १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटना मोरोक्कोत कासाब्लांकाला एकत्र जमल्या होत्या. अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्या बरोबरीने त्यात गोव्याची माणसेही होती. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्या साम्राज्याचा एवढा मोठा भाग तुटून पडण्याची ती सुरुवात. आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या पोर्तुगीज सैनिकांनीच एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही उलथवली, आणि १९७५ च्या एका वर्षात मोझांबिक, केप व्हर्दे, साओ तोमे, अंगोला मोकळे झाले. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने करार करून मान्य केले तेही याच उलथापालथीनंतर, १९७४ च्या ३१ डिसेंबरला.

म्हणजे नाते होतेच. कासाब्लांकाला ते जमलेल्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेही होते. फक्त त्या नात्याला 'एका भाषेचे लोक' म्हणण्यापेक्षा 'एका बेडीतून सुटलेले लोक' म्हणणे अधिक खरे झाले असते. आबांचा आक्षेप खेळांना नव्हता. तो या नावाला होता, आणि तो आजही मला बरोबर वाटतो.

असो. तरी मी गेले, आणि गेले याचे मला कधी वाईट वाटले नाही.

त्या मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही. ती आठशे मीटर धावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली तेव्हा तिच्याबरोबर इंग्रजी येणारा त्यांच्या पथकातला एक जण होता, त्याच्या मार्फत थोडे बोलणे झाले. मापुतोच्या शहराबाहेरच्या वस्तीत राहते, आई बाजारात भाजी विकते. मी विचारले, आठशेच का? ती हसली आणि एकच नाव म्हणाली: मुतोला.

मारिया मुतोला हे नाव मला माहीत होते. २००० साली सिडनीत आठशे मीटरचे सुवर्ण. मोझांबिकचे ऑलिंपिकमधले ते एकमेव सुवर्ण. मुतोला लहानपणी मुलांच्यात फुटबॉल खेळायची आणि तिच्यातली धावपटू ओळखली ती एका कवीने, जुझे क्रावेरिन्या यांनी. त्या देशाचा सगळ्यात मोठा कवी, पोर्तुगीज राजवटीत तुरुंगात राहिलेला, फुटबॉल खेळणाऱ्या एका पोरीकडे पाहतो आणि म्हणतो की हिने पळायला हवे! ही गोष्ट मी माझ्या शाळेत दर वर्षी नव्या मुलांना सांगते.

आणि त्याच दिवसांत सगळ्यांच्या तोंडी दुसरे एक नाव होते. एउझेबियु. खेळ सुरू होण्याच्या तेराच दिवस आधी, ५ जानेवारीला, लिस्बनमध्ये ते वारले होते. १९४२ साली मापुतोत, म्हणजे तेव्हाच्या लोरेंसु मार्किशमध्ये, जन्मलेला, अनवाणी पायांनी चिंध्यांच्या चेंडूवर फुटबॉल शिकलेला मुलगा. १९६६ च्या विश्वचषकात नऊ गोल करून सगळ्यांत पुढे राहिला तो पोर्तुगालच्या जर्सीत. तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात पोर्तुगालविरुद्ध लढाई सुरू होऊन दोन वर्षे होत आली होती. मोझांबिकची मुले त्याला आपला म्हणत होती आणि पोर्तुगालची मुलेही आपलाच म्हणत होती. त्याबद्दल त्यांच्यात भांडण झालेले मी पाहिले नाही. जेवणाच्या रांगेत दोन्हीकडची मुले मोबाइलवर त्याचे जुने गोल एकमेकांना दाखवत होती.

मला तेव्हा आमचा एक माणूस आठवला, जो आमच्याकडे फारसा कुणाला आठवत नाही. सेराफिनु आंताव. आई-वडील गोव्याचे, जन्म मोंबासाचा. १९६२ च्या नोव्हेंबरात पर्थला, 'एम्पायर' शब्द नावात असतानाच्या त्या कॉमनवेल्थ खेळांत, त्याने शंभर आणि दोनशेवीस यार्ड अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, केनियासाठी. केनिया तेव्हा अजून इंग्रजांची वसाहत. गोव्याला मुक्त होऊन वर्षही झालेले नव्हते. एका पोर्तुगीज वसाहतीतल्या घराचा मुलगा, इंग्रजांच्या वसाहतीत जन्मला, आणि येऊ घातलेल्या एका नव्या देशासाठी पळाला. या माणसाचे नाव गोव्याच्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर लिहिलेले असायला हवे. केनियातल्या धावण्याचे आपण किती गोडवे गातो. तिथल्या पहिल्या मोठ्या विजयांत एक गोंयकार आहे, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

पुण्याबद्दल थोडे सांगते, कारण खेळ-शिक्षिका व्हायचे मी ठरवले ते तिथे. ऑक्टोबर २००८, बालेवाडी. कॉमनवेल्थ युवा खेळांचे तिसरे पर्व. आधीची दोन एडिंबरा आणि बेंडिगोला झालेली. भाग घेणारी मुले चौदा ते अठराची. मी सोळाची होते. मामाबरोबर तीन दिवस गेले. पहिल्यांदाच असे झाले की मैदानात जे चालले होते ते करणारी माझ्याच वयाची होती. उंच उडीत तीनदा चुकलेली एक मुलगी खाली बसून रडली आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या देशाच्या मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. थोरांच्या स्पर्धेत हे फार दिसत नाही. सोळाव्या वर्षी माणसाला अजून कुणी सांगितलेले नसते की समोरच्याशी आपले काय जुने देणे-घेणे आहे. किंवा सांगितले असले तरी ते अंगात मुरलेले नसते. म्हणून हे खेळ लहान वयातच व्हायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. चाळिशीत माणसे परिषदांत भेटतात. हात मिळवतात. तेवढेच.

पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांचे असे मुलांचे खेळ वेगळे आहेतही. त्या देशांची राजकीय संघटना जन्मली १९९६ साली. मुलांचे खेळ त्याच्याही आधीपासून होत आले आहेत. मुले आधी भेटली, सरकारे नंतर. २०२१ पासून भारत त्या संघटनेचा सहयोगी निरीक्षक आहे. माझ्या शाळेतल्या, आठवी-नववीतल्या ज्या मुली पावसातही चिखलात दोरी धरून पळतात, त्यांच्यापैकी दोघी तरी कधी मापुतोला किंवा केप व्हर्देच्या प्रायाला जाऊन पळाव्यात असे मला फार वाटते. निरीक्षकाची खुर्ची मिळाली, मग मुलांसाठी ट्रॅकवरचा एक पट्टा का मागू नये?

कारण लुझोफोनिया खेळ तर थांबले. चौथे पर्व २०१७ साली मापुतोला ठरले होते. झाले नाही. त्यानंतर आजवर एकही नाही. म्हणजे शेवटचे पर्व आमच्या बांबोळीचेच राहिले. मैदाने मात्र राहिली, हे खरे. त्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या आणि सुधारलेल्या जागा पुढे खूप कामाला आल्या. महासाथीच्या काळात फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळी या तीन मैदानांवर इंडियन सुपर लीगचा अख्खा हंगाम खेळला गेला. २०२३ साली राष्ट्रीय खेळ गोव्यात झाले, महाराष्ट्राने २२८ पदके नेली, माझ्या मामाने पुण्याहून फोन करून मला चिडवले. हे सगळे चांगलेच आहे. आम्ही त्या लुझोफोनियात पदकांच्या तक्त्यात सगळ्यांच्या वर होतो, फुटबॉलचे सुवर्ण आमच्या मुलांनी घेतले, गावागावांत फटाके वाजले. पण पदके यजमानाला मिळतातच. मला हळहळ वाटते ती ये-जा तुटल्याची. मापुतोला खेळ झाले असते तर आमच्याकडची कुणी पोर तिथल्या स्वयंसेवकाकडे 'बालदी' मागायला गेली असती.

मुलांना पाठवायचे म्हटले की काय होते तेही माहीत आहे. मी पूर्वी एका शाळेत होते, तिथे जिल्हा पातळीवर निवड झालेल्या मुलीला सहामाही परीक्षा बुडते म्हणून सोडले नाही. मी आणि तिची आई दोघी दोन तास बाहेरच्या बाकावर बसून होतो. ती मुलगी आज धावत नाही.

आता शेवटचे, जे मी आजवर कुठे लिहिले नाही.

मी रोज रात्री घरी परतायचे. आबा काही विचारत नसत. पण पाचव्या-सहाव्या दिवशी जेवताना मी आईला त्या मुलीचे सांगत होते, बालदीचे, बर्फाचे, तर आबा मध्येच म्हणाले, "खंयची म्हणलें?"

"मोझांबिकची."

आबा जेवून उठले. हात धुऊन ओसरीवर गेले. मी मागोमाग गेले. बऱ्याच वेळाने बोलले, आणि मला आठवते तसे मराठीत सांगते.

सत्याग्रह सुरू झाल्यावर पोर्तुगालने गोव्यात आफ्रिकेतले सैनिक आणून ठेवले होते. मोझांबिकचेही. गावात त्यांच्यासाठी एक शब्द होता. पोरांना झोपवताना त्याच्या नावाने भीती घालायचे. तो शब्द मी माझ्या मुलांपुढे उच्चारत नाही आणि इथेही लिहीत नाही. आबांना पकडले तेव्हा चौकीवर मारणारा गोरा अधिकारी होता, पण हात धरून ठेवणारा असा एक सैनिक होता. उंच. त्याची बोटे आबांच्या मनगटावर. "त्याचा हात थरथरत होता की माझा, ते मला अजून कळलेलं नाही," आबा म्हणाले. पुढे काही दिवस तोच पहाऱ्यावर असायचा. पावसाळा होता, त्याला ताप यायचा. भिंतीला टेकून उभा राहायचा आणि आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायचा, पोर्तुगीजमध्ये नव्हे, दुसऱ्याच कुठल्यातरी. "त्याला कुठं ठाऊक होतं हे गाव कुठलं, आम्ही कोण, काय मागतोय. त्यालाही कुणीतरी बोटीत घालून आणून उभा केला होता."

मग थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता:

"त्या चलयेक विचार. तिचो आजो केन्ना गोंयां आयिल्लो काय?"

तिचा आजोबा कधी गोव्यात आला होता का, हे विचार.

मी रात्रभर तो प्रश्न घोळवत राहिले. फोनवर भाषांतर करून पोर्तुगीजमध्ये लिहूनही ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती. घोटा पट्टीने आवळून बांधला होता. पहिली फेरी ती तिसरी होती, शेवटच्या वळणावर पाय वाकडा पडला आणि दोघी पुढे गेल्या. पाचवी आली. रेषा ओलांडून गवतावर आडवी झाली. मी बालदी घेऊन उभीच होते. त्या दिवशी बर्फ आधीच भरून ठेवला होता.

ती पाय बुडवून बसली. मोजत नव्हती. मी फोन हातात धरून समोर. बोट पडद्यावर होते. तिने माझ्याकडे पाहिले, डोळे पुसले, आणि पिशवीतून घडी घातलेले एक कापड काढून माझ्या हातात दिले. निळ्यावर पिवळी मोठी फुले. "कापुलाना," म्हणाली, आणि कमरेला कसे गुंडाळायचे ते बसल्या बसल्या हातांनी दाखवले. मी माझी टोपी तिच्या डोक्यावर घातली. त्यांची बस लागली होती.

रात्री आबा जागे होते. ओसरीचा दिवा चालू.

"विचारलेंय?"

"ना."

"बरें केलें," आबा म्हणाले.

मी कापड त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी घडी उलगडली, अंगठा आणि बोट यांच्यात काठ धरून पोत पाहिला, जसे ते आजीच्या लुगड्याचे पाहायचे. विचारले, "हाका कितें म्हणटात?"

"कापुलाना."

आबांनी तो शब्द एकदा पुटपुटला. मग पुन्हा एकदा, थोडा मोठ्याने.